लाल ठिपक्याची झाडं

दळवीकाका देवासला आमच्या कॉलनीत राहायला आले त्या संध्याकाळी मी वाटीभर शिरा घेऊन त्यांच्याकडे गेले. नव्या शेजाऱ्याचं पहिलं तोंड गोड करावं, ही आमच्या घरची रीत. त्यांनी वाटी घेतली, खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली, वास घेतला आणि विचारलं, "तूप घरचं?"

मी म्हटलं, हो.

"कशावरून?"

मी चाट पडले. माझ्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि तुपाबद्दल असा उलटा प्रश्न मला सासूबाईंनीही कधी केला नव्हता. साय मी जमवली, लोणी मी काढलं, कढवलंही मीच, अशी साक्ष दिल्यावर त्यांनी एक घास खाल्ला, मान हलवली, उरलेला शिरा ताटलीत काढून घेतला आणि वाटी धुऊन, पुसून, त्यात चमचाभर साखर घालून परत दिली. रिकामी वाटी परत द्यायची नाही एवढं जुनं वळण त्यांना होतं. तरीही घरी येऊन मी जाहीर केलं की समोरच्या घरात आलेला माणूस एक तर खडूस आहे, नाही तर पोलिसातला.

ते दोन्ही नव्हते. पीथमपूरला माल उचलायच्या साखळ्या आणि लोखंडी आकडे बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते तीसेक वर्षं तपासनीस होते. राहायला धारला. रोज शिफ्टच्या बसने जायचं, दुसऱ्यांनी केलेलं काम हातात घ्यायचं, त्यातली खोट शोधायची आणि बसने परत यायचं. असं आयुष्य काढलेला माणूस शिऱ्याला सोडील कशाला?

नारळ घ्यायला गेले की ते दुकानातले सगळे नारळ वाजवत आणि शेवटी पहिलाच घेत. गॅसवाल्याला सिलिंडर काट्यावर चढवायला लावत. देवळात तीर्थ घेताना पळीत आधी डोकावत. शर्टाच्या खिशात पेनाएवढी बॅटरी आणि एक भिंग कायम. कॉलनीच्या ग्रुपवर कुणी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की खाली यांचा प्रश्न यायचा, "खात्री केली का?" एकदा ते खरंच निघालं. वाढदिवस पुढच्या महिन्यात होता. पण केक घेऊन गेलेली माणसं स्वतःवर चिडायच्या ऐवजी दळवीकाकांवर चिडली.

आमच्या समितीचे अध्यक्ष पाटणकर, निवृत्त हेडमास्तर, यांच्याकडे याचा इतिहास तयार होता. देवासात पूर्वी एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. दळव्यांचे पणजोबा थोरल्या पातीच्या पागेत घोड्यांचा हरभरा तपासायला होते. पाटणकरांचे पणजोबा धाकट्या पातीच्या दफ्तरात. "तेव्हापासून दळव्यांना हरभऱ्यात खडेच दिसतात," असं पाटणकर सांगत. राज्यं जाऊन पाऊण शतक झालं तरी आमच्या जुन्या मराठी घरांत पाती अजून गेलेली नाही. लग्नाच्या पंगतीत एखादी म्हातारी हळूच विचारते, तुम्ही कुठल्या बाजूचे?

आता संशय घेणाऱ्याचाही लोक संशय घेतातच. दळवीकाका एकटे. बायको धारला असतानाच वारलेली, मूलबाळ नाही. भावाचं रिकामं घर होतं म्हणून निवृत्तीनंतर देवासला आलेले. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे ते एक गोणपाटाचं पोतं बगलेत मारून पहिली बस गाठत आणि धारकडे जात. कशाला जाता विचारलं तर उत्तर एकच: काम आहे. निवृत्त माणसाला दर महिन्याला धारला काय काम असतं? कॉलनीने आपापसात ठरवलं की तिकडे दुसरं घर असणार. खोटं कशाला बोलू, या तर्कात मीच सगळ्यांच्या पुढे होते.

हे सगळं गमतीवारी गेलं असतं. पण मध्ये बगीचा आला.

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा होती. नकाशात तिथे बगीचा लिहिलेला, प्रत्यक्षात बाभळी, घर बांधणाऱ्यांनी टाकलेला राडा आणि लग्नांच्या पत्रावळ्या. माझ्या गॅलरीतून मला रोज सकाळी हेच दर्शन. मग कुणकुण लागली की तिथे दुकानं काढायला कुणीतरी टपलंय. आम्ही घाबरून नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, साहेबांकडे गेलो. साहेब भले होते. म्हणाले, झाडं लावा. दोन पावसाळे जाऊ देत. दिवाळीनंतर मी स्वतः बघायला येईन. झाडं नीट उभी असली तर उद्यान तुमचं, लोकार्पण करू, पाटी लावू. नसली, तर जागेचा दुसरा विचार करावा लागेल. दुसरा विचार म्हणजे दुकानं, हे न सांगताही सगळ्यांना कळलं.

समिती बनली. पाटणकर अध्यक्ष, मी सचिव. सचिव म्हणजे चहा सांगायचा आणि सह्या गोळा करत हिंडायचं. दळवीकाकांना सदस्य केलं, कारण ते बाहेर राहिले असते तर जास्त प्रश्न विचारले असते. रोपांची काळजीच मिटली. आमच्या वॉर्डातले पुढारी गोलूभिया यांनी एक गाडी भरून रोपं फुकट दिली. नीम, करंज, बकुळ, जांभूळ, कमरेएवढी उंच, हिरवीगार. शनिवारी दुपारी ती उतरली आणि रविवारी सकाळी भियाच्याच हस्ते वृक्षारोपण ठरलं.

शनिवारी दुपारी सगळे चहाला गेले आणि दळवीकाका रोपांपाशी उकिडवे बसले. मी गॅलरीतून बघत होते. एक एक पिशवी आडवी करायची, बुडाशी ब्लेडने चीर द्यायची, बॅटरी मारायची, बोट घालून चाचपायचं, मग रोप डाव्या नाही तर उजव्या रांगेत ठेवायचं. ऊन उतरलं, दिवे लागले तरी चालूच. डावीकडच्या प्रत्येक रोपाच्या खोडाला, मातीपासून वीतभर वर, ते काडीने लाल रंगाचा एक ठिपका लावत होते. अंधार पडल्यावर हात धुऊन ते घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहिला रविवार म्हणून पहाटेच पोतं घेऊन धारला निघून गेले. कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. कारखान्यात लाल ठिपका म्हणजे नापास माल, हे झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. जगालाही ते ठाऊकच असणार, असं ते धरून चालले. ज्या माणसाने जन्मात काही गृहीत धरलं नव्हतं, त्याने नेमकं हे गृहीत धरलं.

सकाळी सात वाजता आम्ही बायका आरतीची ताटं घेऊन पोचलो, तर अर्ध्याहून जास्त रोपांना टिळा लागलेला. पाटणकरांचे डोळे पाणावले. म्हणाले, बघा, आम्ही दळवींना नाही नाही ते बोललो आणि त्यांनी एकट्याने बसून रोपांची पूजा केली. मग काय, पूजेची रोपं मानाच्या जागी हवीत. टिळ्याची सगळी फाटकापासून आतपर्यंत दोन्ही बाजूंनी लागली. पहिलं गोलूभियाने लावलं, दुसरं पाटणकरांनी, तिसरं मी. आम्ही त्यांना हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. बिनटिळ्याची बिचारी मागे कुंपणाशी गेली, ती मजुरांनी लावली.

सोमवारी दळवीकाका परत आले, फाटकात उभे राहिले आणि दोन्ही रांगा शेवटपर्यंत बघितल्या. ओरडले नाहीत. सरळ पाटणकरांच्या ओट्यावर गेले. मी तिथेच होते. म्हणाले, लाल ठिपक्याची सगळी काढा. रोपं पिशवीत फार दिवस राहिलेली आहेत. मुळं खाली जायला जागा नव्हती, ती पिशवीतच गोल गोल वळली आहेत. जमिनीत लावली तरी वळतच राहतील. वर पाला दिसेल, पण दुसऱ्या पावसाळ्यात माती भिजली की वाऱ्याने आडवी होतील.

दुसऱ्या पावसाळ्यानंतरच तर साहेब येणार होते. आम्हाला हे ऐकून घाम फुटायला हवा होता. पण गोलूभिया तिथेच चहा पीत बसले होते, ते हसले. "काका, फ्री का माल हे, उसमें भी नुक्स? पत्ते देखो, कित्ते हरे हें. जड़ कोन देखता हे भिया?"

"मी बघतो," दळवीकाका म्हणाले. "तुम्हीही बघा. एक उपटून बघा."

पाटणकर हबकले. पूजा झालेलं, पाहुण्यांच्या हातचं, पेपरात फोटो आलेलं झाड उपटायचं? ते समजुतीने म्हणाले, दळवी, आता बखेडा नको. दळवीकाका माझ्याकडे वळले. मी फाटकाकडे बघितलं. रोपं खरोखरच सुंदर दिसत होती, आणि तिसरं मी लावलेलं होतं. मी कपबशा गोळा करायला घेतल्या. ते उठले आणि गेले.

पुढच्या महिन्यापासून मला गॅलरीतून एक प्रकार दिसायला लागला. पहिल्या रविवारी काका जात आणि सोमवारी उजाडता उजाडता बगीच्यात येत. हातात खुरपं, बाजूला पोतं. फाटकाजवळच्या एखाद्या रोपाभोवतीची माती उकरत, काहीतरी काढत, काहीतरी पुरत, पाणी घालत, माती दाबत आणि पुढे सरकत. महिन्याला पाच-सहा झाडं. आधी मला वाटलं, आळी करत असतील. मग एक दिवस भाजी घ्यायला जाताना माझं लक्ष गेलं, की मी लावलेल्या बकुळीचा टिळा गेला आहे. वाकून बघितलं तर ती माझी बकुळच नव्हती. माझ्या बकुळीला बुंध्याशी फांदी फुटलेली होती, ही सरळसोट.

माझी बकुळ कुठे गेली?

मी रांग मोजली नाही, पण एवढं दिसलं की टिळ्याची झाडं महिन्यागणिक कमी होत होती. मी पाटणकरांना सांगितलं. पाटणकरांचा भाचा धारला असतो. त्याने महिन्याभरात बातमी आणली की तुमचे दळवी धारजवळ तिरल्याला एका नर्सरीत जातात, पोत्यातून रोपं काढून तिथल्या माणसाला देतात आणि तासन्‌तास तिथेच बसतात. झालं. सगळं जुळलं. चांगली रोपं खोटी ठरवायची, आपल्या माणसाच्या नर्सरीत पोचवायची आणि तिथली भिकार रोपं इथे खोचायची. टिळ्याचीच का, तर तीच सगळ्यांत धष्टपुष्ट होती. एक-दोघी तर म्हणाल्या, पूजेची झाडं बाहेर नेतो म्हणजे काहीतरी करणीचा प्रकार असणार. यावर मी हसले, पण मनात म्हटलं, कोण जाणे.

उन्हाळा संपता संपता समितीची बैठक झाली. दळवीकाकांना बोलावलं. पाटणकरांनी विचारलं, तुम्ही झाडं बदलता? हो. कुणाला विचारून? ते म्हणाले, विचारलं होतं, पहिल्याच दिवशी. नर्सरीशी तुमचा संबंध काय? "आहे," एवढंच म्हणाले. आणि मग पुन्हा तेच, की अजून अकरा राहिली आहेत, त्यातलं कुठलंही एक उपटून बघा. पण त्या दिवसापर्यंत आमचं बघून झालेलं होतं.

बगीच्यात पाऊल ठेवू नये, असं पत्र त्यांना द्यायचं ठरलं. सचिव म्हणून ते मी लिहिलं. माझं मराठी कॉलनीत चांगलं समजतात, बाकीचे हिंदी शाळेत शिकलेले, म्हणून मी जरा ठसक्यातच लिहिलं. 'संशयास्पद' हा शब्द दोनदा घातला. खाली सही केली आणि स्वतः नेऊन दिलं. त्यांनी दारातच कागद उलटसुलट बघितला, बॅटरी काढून वाचला, घडी केली.

"सही तुमचीच ना, माधवीबाई?"

"हो."

"बघून केलीत?"

मी म्हटलं, काका, समितीचा निर्णय आहे. त्यांनी मान हलवली आणि दार लावलं. चार दिवसांनी कुलूप दिसलं. धारला गेले, असं शेजारी म्हणाले.

दुसरा पावसाळा आला. श्रावणात एका दुपारी जोराचा वारा सुटला, कौलं उडवणारा वगैरे नाही, नुसता वारा. तो थांबल्यावर मी गॅलरीत आले तर गोलूभियाच्या हातचा नीम फाटकाशी आडवा पडला होता. मोडला नव्हता, मुळासकट पडला होता. मी चप्पल घालून खाली गेले. त्याची मुळं जमिनीत शिरलीच नव्हती. पिशवीच्या मापाची एक गुंडाळी तयार झाली होती, शेवयांच्या लाडवासारखी, आणि वर्षभरात तिने स्वतःचाच बुंधा आवळत आणला होता. खोडावर लाल ठिपका तसाच.

मग घरी जाऊन खुरपं आणलं आणि जे वर्षापूर्वी करायला हवं होतं ते केलं. शेजारच्या बिनठिपक्याच्या करंजाच्या बाजूने खोल उकरलं. मूळ सरळ खाली गेलेलं होतं. हात पोचेना. पुढचं उकरलं, तेही तसंच. मग माझ्या जागी आलेली ती सरळसोट बकुळ. तीही. फाटकापासून आतपर्यंत जी झाडं ताठ उभी होती ती सगळी दळवीकाकांनी बदललेली होती. उरलेली ठिपक्याची दहा मी हाताने हलवून बघितली. दहाही दाढ हलावी तशी हलली. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की शेजारीण काय झालं विचारत आली तर मी तिला तोंड दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाटणकरांना सांगितलं. ते म्हणाले, अहो, वारा होता. साहेबांना सांगू की वारा होता. मी त्यांच्याशी भांडले नाही. इंदूरमार्गे धारची बस धरली आणि धारहून टेम्पोने तिरल्याला उतरले.

नर्सरी रस्त्यालाच होती. कुबडी घेतलेला एक माणूस पुढे आला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. मला बघून म्हणाला, "देवास वाली बेनजी हो? साब पीछे शेड में हें. पेले पानी पी लो." त्याचं नाव भेरूलाल. मी पाणी प्यायले आणि सरळ विचारलं, की काका तुमचे कोण?

त्याने पायाकडे बोट दाखवलं. कारखान्यात तो हमाल होता. एक दिवस गाडी सुटायची घाई होती आणि आकड्यांची एक पेटी तपासायची राहिली होती. दळवीसाहेबांच्या सोबतचा त्यांचा जुना मित्र म्हणाला, मी बघितलेत, तू सही कर. साहेबांनी केली. त्या पेटीतला एक आकडा त्यांच्याच गोदामात माल उचलायला लावला गेला. "वो टूटा. में नीचे खड़ा था," भेरूलाल म्हणाला. अगदी साध्या आवाजात. त्यानेच सांगितलं, तेव्हापासून साहेब महिन्याचा पहिला रविवार चुकले नाहीत. ही जागा घ्यायला, झाडं लावायला, मुळं बघायला त्यांनीच शिकवलं. "मेंने कित्ती बार कही, साब, भूल जाओ. केते हें, भूल गया तो फिर हो जाएगी."

मी विचारलं, आमच्या बगीच्यातून आणलेली रोपं कुठे गेली? तो हसला आणि मला मागे घेऊन गेला. तिथे ती रांगेने लावलेली होती. मुळाची गुंडाळी कापून, छाटून, मोकळ्या मातीत. काही मेली होती, बरीचशी जगली होती. बुंध्याशी फुटलेली फांदी मी ओळखली. माझी बकुळ.

दळवीकाका शेडमध्ये पाट टाकून बसले होते. वाळले होते. एका हाताला कंप होता. माझ्याकडे बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"किती पडली?"

"एक. बाकीची हलतात."

मी रडायला लागले. म्हटलं, काका, मी तुमच्यावर संशय घेतला.

"त्याचा राग नाही, माधवीबाई. मी जन्मभर तेच केलं." त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं. "पण तुम्ही संशय घेतलात आणि घरी गेलात. संशय आला की खाली बसून बघायचं असतं. नाही तर तो घेऊ नये."

मी खाली बसले. आणखी काय करणार? मग त्यांनी मला शिकवलं. पिशवी कुठे चिरायची, पांढरं मूळ आणि तपकिरी मूळ यांत काय फरक, बोटाला कुठे वळण लागलं म्हणजे समजायचं. शिकवताना त्यांचा हात थरथरत होता, पण चिरीला थरथर नव्हती. मग त्यांनी बकुळ, नीम आणि करंजाच्या ओळी दाखवल्या आणि म्हणाले, अकरा निवडा. मी म्हटलं, तुम्ही निवडून द्या. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि भेरूलालशी पाण्याच्या पाइपाबद्दल बोलत बसले.

मला तीन तास लागले. सगळ्यांत देखणा नीम मी चिरून बघितला आणि बाजूला ठेवला. एक करंज तीनदा आत घेतला आणि तीनदा बाहेर काढला. गुडघे दुखून आले. अकरा झाली तेव्हा माझी नखं काळी झाली होती आणि एकाही रोपाबद्दल माझी पुरती खात्री नव्हती.

पुढचं आधीच सांगून टाकते. ती अकरा रोपं मी लावली. दिवाळीनंतर साहेब आले, फाटकापासून शेवटपर्यंत चालले, दोन-चार झाडांना हात लावून हलवून बघितलं आणि कागदावर सही केली. चैत्रात उद्यानाचं लोकार्पण झालं. फीत गोलूभियाने कापली, भाषणात सांगितलं की एक-एक पौधा त्याने बेटे की तरह पाला, आणि पाटीवरही त्याचंच नाव आहे. पाटणकरांनी भाषणात दळवींचा उल्लेख 'कै. दळवी, एक चिकित्सक सदस्य' असा केला. कै., कारण माघातच ते धारला वारले होते. भेरूलालचा फोन आला तेव्हा मी बगीच्यात पाणी घालत होते. मी पाटणकरांना सगळं सांगितलेलं आहे, ग्रुपवर लिहिलेलं आहे, तरी कॉलनीत अजून चार माणसं अशी आहेत की त्यांना वाटतं, त्या नर्सरीत काहीतरी होतंच. त्यांना मी एवढंच म्हणते, तिरला लांब नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते रोपं निवडली त्याच संध्याकाळी, धारच्या बसस्टँडवर. नको म्हणत असताना ते टेम्पोतून माझ्याबरोबर आले. बसच्या चारही चाकांवर त्यांनी मूठ आपटून बघितली. ड्रायव्हरला विचारलं, किती तास झोपलास. कंडक्टरला विचारलं, ही खरंच इंदूरहून पुढे देवासला जाते का, आणि तो हो म्हणाल्यावर तेच खिडकीतल्या बाबूला जाऊन विचारून आले. माझ्या सीटची फळी हलवून बघितली. मग खाली ठेवलेलं, माझ्या अकरा रोपांचं पोतं हातात घेतलं.

मी वाट बघत होते, आता ते उघडतील. उघडावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी खिशातून सुतळी काढली, पोत्याचं तोंड आवळलं आणि गाठ मारायला घेतली. मी म्हटलं, काका, एकदा बघून घ्या ना.

"तुम्ही बघितलीत?"

"बघितली."

"मग झालं," ते म्हणाले, आणि गाठ पक्की करून पोतं त्यांनी माझ्या पायाशी ठेवलं.

बस हलली. मी खिडकीतून मागे बघितलं तर ते पाठ फिरवून तिरल्याच्या टेम्पोकडे निघालेही होते. इंदूरला बस अर्धा तास थांबली. सगळे चहाला उतरले. मी सुतळी सोडली, पोतं उघडलं आणि सीटखाली उकिडवी बसून अकराही रोपांची मुळं पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितली.